गॅरेजवाल्याला विचारा : कोल्हापूरचं इंजिन शहापूरच्या बोळात

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८४ सालची ॲम्बॅसडर आहे, मार्क ४, १४८९ सीसी पेट्रोल. इंजिन चालू आहे, पण दम गेलाय आणि धूर फार मारतं. कोल्हापुरात जुन्या गाड्या मोडणाऱ्या एकाकडे त्याच मॉडेलचं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळतंय. ते घरी आणून निवांत खोलावं, नीट करावं आणि मग गाडीत चढवावं, असा बेत आहे. छोटा हत्ती ठरवलाय. घर शहापुरात. गाडी पुढच्या अंगणात असते, पण माझं गॅरेज म्हणजे परसातलं पत्र्याचं शेड. तिथं जायला घराच्या कडेनं चार फुटी बोळ आणि मधे दोन पायऱ्या. शेडच्या आडव्या पाइपला चेन-पुली अडकवली तर चालेल का? मित्र म्हणतात, चौघं मिळून उचलूया की, त्यात काय! माझं वय ५८ आणि कंबर धरलेली. महामार्गावर घाट आहेत, त्याचीच जास्त काळजी वाटते.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रात घाटाची काळजी ठळक आणि बोळ-पायऱ्यांचा उल्लेख जाता जाता. मी असतो तर उलटं लिहिलं असतं. कोल्हापूर-बेळगाव ११० किलोमीटर इंजिन टेम्पोत गपगार बसून येतं. नीट बांधलेलं असलं तर त्याला ना भूक ना तहान. खरा घोळ टेम्पोचा फाळका उघडल्यावर सुरू होतो, तिथून तुमच्या शेडपर्यंतच्या पन्नास-साठ फुटांत. उद्यमबागेत फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. त्या काळात माणसांची बोटं आणि पाय चेंगरलेले पाहिले ते सगळे उतरवताना, रस्त्यावर एकही नाही. म्हणून आखणी शेडकडून सुरू करा आणि मागे मागे कोल्हापूरला पोचा. शेडमध्ये इंजिन कुठे आणि कशावर बसणार, ते ठरलं की बोळातून कशावरून जाणार ते ठरतं. त्यावरून ते टेम्पोत कशावर ठेवायचं तेही ठरतं. आणि एक विसरू नका, दुरुस्त झालं की त्याच बोळातून ते परत बाहेर यायचंय.

आधी वजन. ॲम्बॅसडरचं हे इंजिन ब्लॉकपासून हेडपर्यंत अस्सल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. गिअरबॉक्स धरून दोनशे किलोच्या आसपास जातं. त्यात गिअरबॉक्सचे पस्तीस-चाळीस. तेव्हा पहिला सल्ला हाच, की कोल्हापुरातच दोन्ही वेगळं करून घ्या. विकणाऱ्याकडे क्रेन असते, पाने असतात, हाताशी पोरं असतात. वर क्लच प्लेट आणि फ्लायव्हील डोळ्यांनी बघायला मिळतं, ते पैसे द्यायच्या आधी बघितलेलं बरं. स्पार्क प्लग काढून, हँडल असेल तर हँडलनं, नाहीतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून बघा. जाम असेल तर तुम्ही इंजिन विकत घेत नाही, भंगार घेताय, आणि भंगाराला भंगाराचा भाव द्यायचा. मग इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं दोन्ही तेल तिथंच काढायला लावा. ते काळं तेल गटारात सोडू देऊ नका. जुनं तेल गोळा करणारे त्याचे पैसे देतात, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. कार्बोरेटर, डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, पंखा हे सगळं उतरवून एका खोक्यात. वजन थोडं कमी होतं हा फायदा आहेच, पण खरं कारण वेगळं. हमालाचा हात नेमका तिथंच जातो जिथं धरायला सोपं, म्हणजे कार्बोरेटरला. उघड्या पडलेल्या भोकांत चिंधी कोंबा आणि वरून चिकटपट्टी. चिंधी लाल नाहीतर पिवळी घ्या. काळी चिंधी आत राहून जाते आणि महिन्याभरानं इंजिन चालू करताना आठवते.

आता उचलणं. साखळी हेडच्या नटांना किंवा मॅनिफोल्डला लावू देऊ नका. ब्लॉकला पुढे डायनॅमोचा ब्रॅकेट बसतो तिथली भोकं आणि मागे बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं घंटेसारखं कवच) जुळतं तिथली वरच्या बाजूची भोकं, अशी तिरकी जोडी घ्या, म्हणजे इंजिन उचललं की कलंडत नाही. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. या इंजिनाचे आटे इंची आहेत, बारीक आट्याचे. तीन सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोकात हल्लीचा १० मिलिमीटरचा बोल्ट जात नाही, ८चा जातो पण खळखळतो. ‘थोडा टाइट बसतोय’ म्हणत कुणी पान्यावर जोर काढायला लागला तर त्याचा हात धरा. बोल्ट तीन सुताचाच, हाय-टेन्साइल, आणि आत निदान दीडपट व्यासाइतका गेला पाहिजे, म्हणजे साडेचार सूत. साखळी आणि लोखंडाच्या मधे जाड वॉशर. बोल्ट अर्धवट बाहेर राहिला तर वजन त्याला आडवं वाकवतं, आणि तो तिथंच तुटतो.

साखळी लांब ठेवा. आखूड साखळीनं हुक खाली राहतो, बघायला बरं वाटतं, पण दोन बाजूंमधला कोन पसरतो. साखळीच्या दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर गिअरबॉक्स काढून उरलेल्या १६० किलोच्या इंजिनासाठी प्रत्येक पायावर साधारण ९२ किलो ताण येतो. ९० अंशाला तोच ११३ होतो. १२० अंशाला तर एकेका पायावर पूर्ण १६०. म्हणजे दोन साखळ्या लावून फायदा शून्य, उलट दोन्ही बोल्ट आतल्या बाजूला ओढले जातात ते वेगळंच. नायलॉनचा दोर तर नकोच. बिडाच्या कडेवर तो दोर कसा जातो ते मी जवळून पाहिलंय. आधी एक पांढरा धागा उभा राहतो, मग दुसरा, दोर जागच्या जागी केसाळ होत जातो आणि वजन मात्र हललेलंही नसतं. आजूबाजूचे सगळे इंजिनाकडे बघत असतात, दोराकडे कुणी नाही.

इंजिन खाली टेकवायचं कशावर? इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या चेंबरवर नाही, हे मी ओरडून सांगेन. ते पत्र्याचं दाबून केलेलं भांडं आहे. अनगोळात एकानं असंच इंजिन दोन विटांवर ठेवलं होतं. बाहेरून पोचा सुपारीएवढा, कुणाच्या लक्षातही आला नाही. इंजिन गाडीत चढलं, चालू झालं, आणि तापल्यावर तेलाचा दिवा लुकलुकायला लागला. चेंबर उतरवल्यावर दिसलं, पत्रा आतून वर आला होता आणि तेल ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाला लागला होता. दोन विटांपायी इंजिन परत खाली.

जवळपासचं काम असेल तर जुना मोटारीचा टायर चालतो. चेंबर मधल्या पोकळीत राहतो आणि ब्लॉकची कड रबरावर बसते. तुमच्यासाठी मात्र लाकडाची घोडीच करा. खाली तीन इंच जाडीचे दोन लांब सोट, इंजिनापेक्षा दोन्हीकडे वीतभर बाहेर येतील असे, आणि टोकांना खालून तासलेले, म्हणजे रोलरवर चढताना अडत नाहीत. त्यावर दोन आडव्या फळ्या. इंजिन माउंटिंगचे ब्रॅकेट आणि मागची प्लेट त्यांना बोल्टनं आवळायची. चेंबर जमिनीपासून दोन बोटं वर राहिला पाहिजे. रुंदी मात्र अडीच फुटांच्या वर नको, नाहीतर तुमच्या चार फुटी बोळात घोडी मावेल पण माणसाचा पाय मावणार नाही. ही घोडी आधी शहापुरात बनवा, बोळातून रिकामी फिरवून बघा आणि मग कोल्हापूरला न्या. टेम्पोत, बोळात, शेडमध्ये, परत येताना, सगळीकडे इंजिन हिच्यावरच बसून राहणार.

टेम्पोत घोडी केबिनच्या भिंतीला चिकटवून. माल बांधण्याच्या हिशेबात धरतात की जोरात ब्रेक दाबला तर वजनाच्या ऐंशी टक्क्यांइतका जोर पुढे येतो, बाजूला आणि मागे निम्मा. म्हणजे तुमचं इंजिन १३० किलोच्या जोरानं केबिनकडे जाऊ बघणार. भिंत आहे म्हणून पुढची चिंता मिटते. बाजूच्या आणि मागच्या ओढीसाठी खटक्याचे (रॅचेटचे) पट्टे लावायचे, चार कोपऱ्यांना चार. काथ्याचा दोर ढिला पडतो, नायलॉनचा ताणतो. पट्टा घोडीला आणि ब्लॉकला, पुलीला किंवा पाइपला नाही. कागलला थांबून एकदा पट्टे आवळा, पहिल्या वीसेक किलोमीटरात सगळं बसतं आणि ढिलं होतं. निपाणी सोडल्यावर तवंदी घाट चढताना वजन मागे ओढ घेतं, तेव्हा मागच्या दोन पट्ट्यांची खरी परीक्षा. पुढे वंटमुरी. बस्स, घाटाची काळजी एवढीच. गिअरबॉक्स वेगळा, आडवा, पोत्यावर, तोही बांधलेला. आणि कोल्हापूर सकाळी लवकर सोडा. अंधारात बॅटरीच्या उजेडात इंजिन उतरवणं हा शहाण्याचा उद्योग नव्हे.

आता शहापूर. छोट्या हत्तीचा हौदा जमिनीपासून साधारण अडीच फूट धरा. दहा फुटी दोन जाड फळ्या लावल्या की उतार चारास एक. १६० किलोतले चाळीसेक किलो खाली धाव घेतात, बाकीचं वजन फळीवर. चाळीस किलो माणूस धरू शकतो, पण धरू नये. दोर घोडीला बांधून हौद्याच्या पुढच्या कडीला दोन वेढे घ्या आणि मोकळं टोक एका माणसाच्या हातात द्या. दोन वेढ्यांच्या घर्षणानं वजन कडीच पेलते, माणूस फक्त सैल सोडत जातो. इथं नायलॉनचा गुळगुळीत दोर नको, सुती किंवा मनिला. टेम्पोच्या मागच्या चाकांना दगडाची उटी लावा, हँडब्रेकवर विसंबू नका. उताराच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, अगदी ‘मी फक्त दिशा दाखवतो’ म्हणणाराही नाही. हमाल कानडी बोलतात, ड्रायव्हर मराठी, तुमचे मित्र त्या गडबडीत हिंदीवर येतात. तेव्हा हुकूम देणारा एकच माणूस ठरवा. त्यानं मूठ वर केली की सगळं थांबलं पाहिजे. चहा आधी पाजा. कुंदा नंतर.

बोळात एक इंची जीआय पाइपचे तीन-चार तुकडे घोडीखाली रोलर म्हणून. मागचा निघाला की उचलून पुढे. तुमच्या बोळात शहाबादी असणारच. ती पसरलेलं वजन सोसते, टोकाचं सोसत नाही, खालची माती बसली असेल तर पाइपच्या रेषेत तडकते. वरून प्लायवुडचे तुकडे टाका. मोटारसायकलच्या गॅरेजात असते तसली बारक्या चाकांची ट्रॉली मोह पाडेल, पण चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की वजन पुढं कोसळतं. दोन पायऱ्यांसाठी त्याच दहा फुटी फळ्या, आणि पायऱ्या चढत असतील तर वर ओढायला चेन-पुली आडवी वापरा. पुलीला उभंच लटकायला पाहिजे असं कुठं लिहिलंय? जमिनीत ठोकलेल्या दोन पहारींना ती अडकवण्यापेक्षा समोर जुनं झाड असेल तर त्याच्या बुंध्याला अडकवा. पहारी पावसाळी मातीत सरकतात.

शेडचा पाइप? नाही. तो पत्र्याचं ओझं आणि वाऱ्याचा ताण सोसायला घातलेला असतो, मधोमध १६० किलो लटकवायला नव्हे. पाइप तुटायच्या आधी वेल्डिंग सुटतं, आणि वेल्डिंग सुटायच्या आधी काही कळत नाही. विहिरीतल्या, बोअरच्या मोटारी काढणाऱ्यांकडे लोखंडी तिपाई आणि एक टनी चेन-पुली असते. वडगाव-येळ्ळूरकडे असा माणूस सहज सापडेल. अर्ध्या दिवसाचं भाडं द्या. तिपाईचे तिन्ही पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधा, म्हणजे फाकणार नाहीत, आणि प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा. घडीची इंजिन क्रेन मिळाली तर उत्तमच, पण तिच्या हातावर लिहिलेले आकडे वाचा. हात जितका बाहेर काढाल तितकी ताकद झपाट्यानं घटते.

राहिले तुमचे चार मित्र. १६० भागिले ४ बरोबर ४०, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण इंजिनाला चार मुठी नसतात, बोळात चौघं शेजारी-शेजारी मावत नाहीत, आणि पायरीवर एकाचा पाय चुकला की उरलेल्या तिघांचा हिशेब क्षणात बदलतो. त्यांना बोलवा, फळ्या आणि पाइप उचलायला द्या. तुम्ही स्वतः मूठ वर करायचं काम घ्या. कमरेला तेच झेपेल.

प्रश्न : आमच्या मिस्टरांनी मे महिन्यात एक इंजिन आणून सोप्यात ठेवलंय. दसऱ्यानंतर गाडीत बसवू म्हणतात. खाली दोन पाट्या आहेत, त्यावर नुसतं टेकवलंय. घरभर तेलाचा वास, फरशीवर काळा डाग, आणि पाच वर्षांचा मुलगा घोडा घोडा करून त्यावर चढतो. काही म्हटलं तर ‘तू हात लावू नकोस’. मी काय करावं?
— एक गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, हात तुम्ही लावूच नका, पण हा अंक मिस्टरांच्या ताटाशेजारी ठेवा.

साहेब, तुमच्यासाठी : इंजिन उंच आणि अरुंद असतं, खालून निमुळतं. पाट्यांवर टेकवलेलं इंजिन पाच वर्षांच्या पोराच्या वजनानं कलंडू शकतं. आज काय करायचं असेल तर हेच. वर सांगितली तशी रुंद घोडी करून त्याला बोल्टनं आवळा, नाहीतर निदान जाड मोटारीच्या टायरात बसवून दोन्ही बाजूंनी भिंतीतल्या कडीला बांधा. आणि सोप्यात चेन-पुली लटकवून ठेवली असेल तर काढा. पोरांना साखळी ओढायला आवडते.

दुसरं, तुमचं इंजिन या पावसाळ्यात आतून गंजतंय. इंजिन कुठल्याही स्थितीत थांबलं तरी एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा असतो, आणि निपाणीची श्रावणातली हवा तिथून सरळ सिलिंडरात शिरते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात एकेक चमचा इंजिन ऑइल सोडा. चमचाच, वाटी नको. इंजिन हातानं चार-पाच फेरे फिरवून प्लग परत लावा. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं पत्रा नाहीतर जाड पुठ्ठा लावून बंद करा. उंदराला त्यापेक्षा चांगलं बाळंतपणाचं ठिकाण मिळत नाही. महिन्यातून एकदा थोडं फिरवत राहा. पहिल्यांदा चालू करताना आधी प्लग काढून स्टार्टरनं घुमवा, म्हणजे साठलेलं तेल बाहेर पडेल. वरून ताडपत्री गच्च गुंडाळू नका, आत घाम सुटतो. जुनं सुती लुगडं टाका आणि त्यावर ताडपत्री सैल.

ताई, डागासाठी : रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. डाग पसरतो, फरशी आणखी पिते, आणि घरात पेट्रोल हा प्रकारच वाईट. सुताराकडचा भुसा पसरून रात्रभर ठेवा, झाडून काढा, मग कोरडं सिमेंट चोळून आणखी एक रात्र. शहाबादीत मुरलेला डाग पूर्ण जात नाही, फिका होतो. बाकीचं घोडीचा खर्च करताना मिस्टरांकडून वसूल करा.

प्रश्न : काका, मी हुक्केरी तालुक्यातला, आयटीआय करतो. आमच्या जुन्या जीपसाठी बेळगावच्या ऑटोनगरमध्ये डिझेल इंजिन बघून ठेवलंय. टेम्पोचे पैसे वाचवायचे आहेत. मामाच्या ओम्नीत मागची सीट काढून आणू की घरच्या ऊस वाहायच्या ट्रॉलीतून? उतरवायला गावात जेसीबी आहे.
— एक विद्यार्थी

उत्तर : ओम्नीचं नावही काढू नकोस. जीपचं डिझेल इंजिन वरच्या पत्रातल्या ॲम्बॅसडरवाल्या काकांच्या इंजिनापेक्षा बरंच जड. ओम्नीत ते तुझ्या आणि मामाच्या मानेमागे बसणार, मधे नुसतं सीटचं फोम. काकतीजवळ एखादं कुत्रं आडवं आलं की पुढं काय ते तू आयटीआयला शिकतोसच.

ट्रॉली चालेल, पण तिचे गुण-दोष समजून घे. चाकांवर पाट्यांच्या चांगल्या स्प्रिंगा नसल्या तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मालाला लागतो. ऊस तो सोसतो, फ्युएल पंप सोसत नाही. घोडीखाली जुने टायर टाक आणि चारी बाजूंनी वाळूची पोती ठास, म्हणजे सरकायला जागाच उरणार नाही. नुसता पाला भरू नकोस, तो दबतो आणि मग इंजिन ट्रॉलीत फिरायला मोकळं. पट्टे लावायचेच. ट्रॅक्टर सावकाश, आणि महामार्गावर ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर निघूच नको. टेम्पोचं भाडं आणि ट्रॅक्टरचं डिझेल, दोन्ही कागदावर मांडून बघ. माझ्या अंदाजानं वाचतं ते फारसं नाही.

डिझेल इंजिनात एक जपायचं. पंपापासून नोझलपर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या वरच्या वर असतात, साखळी त्यांच्यावरून जाऊ देऊ नकोस. नळ्या काढल्याच तर पंपाची आणि नोझलची तोंडं लगेच स्वच्छ टोपणांनी बंद कर. वाळूचा एक कण पंपाचं काम करून टाकतो आणि पंपाची दुरुस्ती इंजिनाच्या किमतीला लाजवते.

जेसीबीचं म्हणशील तर यंत्र तगडं, पण चालवणाऱ्याला अडीचशे किलो हातात जाणवतच नाहीत, रिकामी बकेट आणि तुझं इंजिन त्याला सारखंच. साखळी बकेटच्या दातात अडकवू देऊ नकोस, सटकते. हुक असेल तर हुकालाच. उचललं की वीतभरच वर, मग ट्रॅक्टरनं ट्रॉली पुढं सरकवायची, जेसीबीनं इंजिन घेऊन फिरायचं नाही. इंजिन झुलायला लागलं तर हातानं थांबवायला धावू नकोस, आधीच लांब दोर बांधून ठेव आणि लांबूनच धर.

प्रश्न : मी शिनोळीचा, गाडी एमएच ०९ पासिंगची. बेळगावातून जुनं इंजिन आणायचं आहे. सीमेवर कुणी अडवेल का? नंतर काही कागदपत्रं लागतील का?
— एक वाचक, ता. चंदगड

उत्तर : पूर्वीचे विक्रीकराचे नाके १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेले. मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं, जुन्या इंजिनाची सहसा तेवढी नसते. पण पोलिसानं हात केला आणि टेम्पोत उघडं इंजिन दिसलं तर पहिला प्रश्न ‘कुणाच्या गाडीचं?’ हाच येणार. तेव्हा दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची झेरॉक्स मागा. खासगी माणसाकडून घेत असाल तर त्याच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची प्रत. ड्रायव्हरजवळ एक संच, तुमच्याजवळ एक.

इंजिन गाडीत बसवल्यावर काम संपत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आरसीसकट. तुम्ही राहता महाराष्ट्रात, म्हणजे तुमचं काम कोल्हापूरला, इंजिन बेळगावचं असलं तरी. तेच इंधन आणि तेच मॉडेल असेल तर गोष्ट सोपी. पेट्रोल गाडीत डिझेल बसवायचा विचार असेल तर इंजिन विकत घेण्याआधी कार्यालयात विचारा. न विचारता बसवलं आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो.

आणि पैसे देण्याआधी नंबर स्वतः वाचा. वायर ब्रशनं घासून, ओल्या फडक्यानं पुसून, उजेडात, आणि मोबाइलवर फोटो काढून. आकडा बिलाशी एकेक जुळवून बघा. नंबर ग्राइंडरनं घासलेला दिसला, किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा ठसठशीत आणि वाकडा वाटला, तर इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका.